अकरा मिनिटांचा फोन

"साहेब, तुम्ही रडी राहिले होते," बारकू म्हणाला.

रविवारी सकाळी साडेनऊला तो सिल्वासाच्या आमली भागातल्या हेमंतच्या बिल्डिंगचे तीन जिने चढून आला होता आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं जाऊन दीड महिना झाला होता. पट्टी अजून होती.

"मी? मी कधी फोन केला तुला?" हेमंतने विचारलं.

बारकूने डाव्या हाताने मोबाईल पुढे केला. रात्री बारा वाजून वीस मिनिटं. खैरनार साहेब. अकरा मिनिटं. हेमंतने आपला फोन उघडून पाहिला. तिथेही तेच. आठवत मात्र काहीच नव्हतं. गोळ्या घेतल्या, दिवा मालवला, आणि मग थेट सकाळ.

"काय म्हणालो मी?"

"मशीनचं बटन मीच दाबलं, तुला आवाज न देता दाबलं, तुझी काही चूक नव्हती. पाच-सहा वेळा बोलले. माझ्या बायकोने, भिमाने बी ऐकेल आहे." बारकूने मोबाईल खिशात ठेवला. "खरं सांगू साहेब? मला बी वाटू लागेल होतं, माझीच चूक. चाळीत सगळे बोलतात, पिऊन गेला असशील. मी तर पीत बी नाही. पण अपघाताच्या रिपोर्टमध्ये तुम्ही लिहेल आहे. शिकेल माणूस खोटं कशाला लिहील? मंग म्हटलं, आपणच हात घातला असंल. तुम्ही हे एकदा मॅनेजर साहेबाला बोलून द्या ना. बाकी काही नको."

स्वयंपाकघराच्या दारात हेमंतची बायको अंजली चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

हेमंत म्हणाला, "बारकू, मी झोपेची गोळी घेतो रे. डॉक्टरांनी दिलेली. त्या गोळीत माणूस काहीही बरळतो. मनावर घेऊ नकोस."

 बारकूने मान हलवली. "अस्सं. गोळी बोलली म्हणा."

त्याने चहा संपवला, कप स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवला आणि 'येतो साहेब' म्हणून तो जिना उतरला.

हेमंत खैरनार अठरा वर्षांपूर्वी नाशिकहून सिल्वासात आला होता. प्लास्टिकचं भंगार दळणाऱ्या कारखान्यात तो शिफ्ट सुपरवायझर होता. दर आठवड्याला पाळी बदलायची, आणि त्यात त्याची झोप गेली. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज अर्धी. तीच चिठ्ठी वेगवेगळ्या दुकानांत दाखवून त्याने दोन वर्षं काढली. अर्धीची एक झाली. अपघाताच्या दिवशी एकीनेही झोप येईना, म्हणून पहाटे तीनला त्याने दुसरी घेतली आणि सातच्या पाळीला जाऊन उभा राहिला. डोळे उघडे होते, पण डोकं कापूस कोंबल्यासारखं. मशीनमध्ये अडकलेला तुकडा बारकू काढत होता. आधी हाक मारायची, हात बाहेर दिसले की मगच बटन, हे हेमंतनेच सगळ्यांना शिकवलेलं. त्याने हाक मारली नाही. भानावर आला तो किंकाळीने.

संध्याकाळी त्याने रिपोर्टमध्ये 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. त्या दिवसापासून त्याला रोज दोन गोळ्या लागू लागल्या.

"खरं आहे ते?" बारकू गेल्यावर अंजलीने विचारलं.

"अगं, गोळीमुळे..."

"मागच्या आठवड्यात रात्री तुम्ही दूध गॅसवर ठेवून झोपलात. पातेलं जळून कोळसा झालं. सकाळी मला म्हणालात, तूच विसरलीस. आणि मी मानलं. दिवसभर वाटत राहिलं, मला काय होतंय?" ती कप विसळू लागली. "तो बिचाराही तसंच मानून बसला होता."

सोमवारी तीच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. जुनी चिठ्ठी पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला.

"दहा दिवसांच्या लिहिल्या होत्या मी. दोन वर्षं? एकदम बंद करू नका, त्रास होईल. मी सांगतो तशा कमी करायच्या. तोवर मशीनवर नाही, स्कूटरवर नाही. सकाळी उठलात तरी औषध अंगातून उतरलेलं नसतं. काही जण यात रात्री उठून स्वयंपाक करतात, फोन करतात, गाडीसुद्धा चालवतात, आणि सकाळी काही आठवत नाही."

"त्यात माणूस खोटं बोलतो का?" हेमंतने विचारलं.

"तुम्ही जे बोललात ते खोटं होतं?"

अंजली मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"नाही," हेमंत म्हणाला.

मंगळवारी त्याने खरं काय घडलं ते हाताने लिहिलेला कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. मॅनेजरने तो दोनदा वाचला आणि उलटा ठेवला. "खैरनार, घरी जा. नीट विचार करा." "केलाय सर," म्हणून तो बाहेर पडला आणि शेअर रिक्षाने नरोलीला, बारकूच्या चाळीत गेला.

भिमाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. त्याला पाहून उठली नाही.

"भिमाबाई, फोनवर बोललो ते खरं आहे. बटन मी दाबलं. मी गोळीच्या गुंगीत होतो. रिपोर्ट खोटा लिहिला. रविवारी बारकूला घरी आल्यावरही खोटंच सांगितलं."

तिने सूप खाली ठेवलं. शेजारच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "चिमाबाई, ओ चिमाबाई! इकडे या. तुम्ही बोलत होत्या ना, पिऊन गेला म्हणून? साहेब काय सांगतात ते ऐका." मग त्याला म्हणाली, "सांगा. पहिल्यापासून सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. नळावरच्या दोघी बादल्या तशाच सोडून आल्या. भिमाबाईने त्यांच्याकडे बोट केलं. त्याने तिसऱ्यांदा सांगायला घेतलं.  'खोटा' या शब्दापाशी तो अडखळला, मग तिथूनच पुढे बोलत राहिला.  बायका त्याच्या तोंडाकडे बघत होत्या आणि कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं.

"बस झालं, भिमा," आतून बारकूचा आवाज आला. "ऊन आहे बाहेर. त्यांना पानी दे."

भिमाबाईने आत जाऊन तांब्या आणला, त्याच्या हातात दिला आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली. बसा मात्र म्हणाली नाही.