शिंप्याच्या बोटांना बांधलेली पट्टी

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, शिंप्याच्या दुकानातली. मित्रांनो, सुताराने रंधा मारून मला सरळ केलं, तेव्हापासून मला सरळपणाचा फार माज आहे. वाकडी शिवण असो की वाकडं माणूस, मला कुणाचीच दया येत नाही.

दुकान दोघा भावांचं. धाकटा कापड बेतायचा, दादा इस्त्री करायचा आणि तोंड चालवायचा. धाकट्याची कात्री बघत गिऱ्हाइकं उभी राहायची. मग त्याच्या तळहातात, अनामिकेच्या मुळाशी, एक गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. हळूहळू कातडीखाली दोरीसारखा ताण आला आणि अनामिका न् करंगळी तळव्याकडे ओढली गेली. बोटं कात्रीत जाईनात.

"कामाचा कंटाळा, दुसरं काय!" दादा म्हणाला. "सुरकुती आहे. ओली करून दाबली की जाईल."

त्याने बोटांवर ओलं फडकं घातलं, वर गरम इस्त्री टेकवली आणि सुतळीने ती बोटं माझ्यावर करकचून बांधली. धाकटा ओरडला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण फोड तेवढे आले, बोटं वाकडीच राहिली.

शेवटी धाकटा माझ्यासकट डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी आधी सुतळी कापली.

"हात टेबलावर सपाट टेकवा." टेकला नाही. "अहो, तळव्याच्या कातडीखालचा पडदा जाड होऊन आखडलाय. बांधून, चोळून तो सुटत नाही. ऑपरेशन करू. पण करंगळीचा सांधा धरलाय, ती पूर्ण उघडायची नाही. लवकर यायचं होतंत. आणि हे पुष्कळदा घराण्यात असतं, भावाचाही हात बघा."

ऑपरेशन झालं. अनामिका उघडली, करंगळी वाकडीच राहिली. दादाने कात्री दुसऱ्या कारागिराला दिली. "लुळ्या हातात कापड कोण देणार?" असं त्याने गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. धाकटा तेव्हापासून काजं करतो.

आज त्याने दादाचा हात धरून उलटा केला. अनामिकेच्या मुळाशी तशीच गाठ होती. दादाचा चेहरा उतरला.

"माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल ना रे," तो म्हणाला.

"कशाला? सुरकुती तर आहे," धाकटा म्हणाला आणि त्याने इस्त्री तापत ठेवली.

मित्रांनो, तळहात टेबलावर टेकत नसेल तर वेळेवर डॉक्टरकडे जा. आमच्या दुकानात येऊ नका. धाकट्याने मला पुसून टेबलावर ठेवलं आहे आणि तो सुतळी शोधतो आहे.