तलावातले न उडालेले पाणी

घराची दुरुस्ती काढणाऱ्याने आपली गरज पाहून कामाला हात घालावा, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची आवश्यकता नाही. तरीही आपल्यापैकी कित्येकजण स्वतःच्या भिंतीकडे पाठ फिरवून, शेजाऱ्याच्या भिंतीकडे पाहत गवंडी बोलावतात. घोडबंदर रोडला खाडीच्या अंगाला राहणाऱ्या श्रीपादरावांनी नेमके हेच केले.

त्यांच्या बंगल्यामागच्या पोहण्याच्या तलावातले पाणी वर्षभर कमी होत होते, आणि त्याचे त्यांना काहीही वाटत नव्हते. वाटू लागले ते शेजारच्या लिनोने आपला तलाव नव्याने करून घेतल्यावर. निळसर फरशा, काठाला काळा दगड, पाण्याखाली दिवे! लिनोचे वडील याच जमिनीत भात लावत असत, ही गोष्ट श्रीपादराव येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत. ज्या सुरात सांगत, त्यात कौतुक मात्र नसे.

"श्रीपादभाऊ, तुमचं काम होईस्तोवर इथे या की पोहायला," लिनोने एकदा कुंपणावरून हाक दिली.

"आमचा आहे ना घरचा!" श्रीपादराव तुटकपणे म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही.

दोन कंत्राटदार येऊन गेले. 'नव्या फरशा बसवल्या की झालं,' असे दोघांचेही मत पडले. अखेर पत्नी सुमतीबाईंच्या आग्रहावरून आंबिवलीचे दौलत आले. लिनोचे काम त्यांनीच केले होते.

"लिनोपेक्षा सरस दिसला पाहिजे," श्रीपादरावांनी पहिलीच अट घातली.

"दिसण्याचं मागाहून बघू, साहेब. आधी पाणी जातंय कुठे ते बघू द्या."

दौलतांनी पाण्याच्या पातळीला भिंतीवर एक पट्टी चिकटवली, पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि तिच्या आतही खूण केली. "उन्हाने उडायचं ते दोन्हीकडे सारखंच उडेल. तलावात जास्त उतरलं तर ती गळती. आणि उतरता उतरता पाणी जिथे थांबेल, तिथेच भेग शोधायची. तीन दिवस पाण्याला कुणी हात लावू नका."

दुसऱ्याच दिवशी तलावातले पाणी पट्टीखाली चार बोटे उतरले. संध्याकाळी लिनोकडे पाहुणे यायचे होते, आणि त्याच्या गच्चीवरून हा उतरलेला तलाव स्वच्छ दिसत असे. श्रीपादरावांचा जीव तळमळू लागला. माळी धोंडीबा जेवायला बसला, तेवढ्या वेळात त्यांनी बागेची नळी तलावात सोडली आणि पाणी पट्टीला टेकताच बंद केली. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि चौथ्या दिवशी उजाडायच्या आत पुन्हा एकदा!

चौथ्या दिवशी सकाळी दौलत आले. त्यांनी बादलीत डोकावून पाहिले, पट्टीकडे पाहिले, पुन्हा बादलीकडे पाहिले.

"बादलीतलं बोटभर उडालं आणि तलावातलं थेंबभरही नाही? साहेब, तुमच्या तलावाला ऊन लागत नाही का?"

कुंपणापलीकडे लिनो मोठ्याने हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. श्रीपादरावांना मात्र ती ऐकू आली.

"धोंडीबा!" ते गरजले. "तूच नळी सोडलीस!"

"नाय ओ साहेब, मी हात पन नाय लावला नळीला."

"वर खोटं बोलतोस? उद्यापासून येऊ नकोस!"

बारा वर्षे ही बाग राखणाऱ्या धोंडीबाने खुरपे पायरीवर ठेवले आणि तो खुंटीवरचा सदरा काढायला गेला.

सुमतीबाईंनी नवऱ्याला आत बोलावले. "काल मी खिडकीतून पाहिलंय. नळी तुमच्या हातात होती."

"हळू बोल! लिनो ऐकेल."

"म्हणजे लिनोला कळू नये म्हणून धोंडीबाने काम गमवायचं?"

"त्याला काय, दुसरीकडे मिळेल."

"कसं मिळेल? जिथे जाईल तिथे विचारतील, आधीच्या घरून का काढलं? तुम्ही त्याला नुसतं काढत नाही, खोटारडा ठरवून काढताय. आणि लिनोने तुमचं नेलंय तरी काय हो? त्याचा तलाव भरला म्हणून तुमचा आटला का? तुमचा आटतोय तुमच्याच भेगेने. ती शोधायला माणूस आणलात आणि स्वतःच झाकून ठेवलीत!"

इतक्यात बाहेरून लिनोचा आवाज आला, "काय झालं रे, धोंडीबा?"

"काय नाय, लिनोशेठ. माझंच चुकलं. नळी बंद करायची ऱ्हायली असन. साहेबांची काय चूक नाय."

ज्याचा अपमान झाला, तोच अपमान करणाऱ्याची लाज राखत होता! श्रीपादराव तीरासारखे बाहेर आले.

"खोटं आहे ते! नळी मी सोडली! तिन्ही वेळा मीच! लिनो, तुझ्या पाहुण्यांना माझा तलाव ओका दिसू नये म्हणून!"

श्रीपादरावांनी हात जोडले. "धोंडीबा, मला क्षमा करा."

त्या 'करा'ने धोंडीबा पुरता गोंधळला. "असं नका करू, साहेब... मंग उद्या येऊ ना?"

"या. आणि तलावाला हात लावू देऊ नका. मलासुद्धा!"

लिनो कुंपणावर रेलला. "माझा गळायचा ना, तेव्हा मी तुमचा बघून जळायचो, भाऊ."

पुढे पाणी आपल्या गतीने उतरले आणि भिंतीतल्या नळाच्या तोंडाशी थांबले. भेग तिथेच निघाली. फरशा जुन्याच राहिल्या.

वाचकहो, मत्सर ही आपल्या मनातली खासगी बाब आहे, इतरांना तिची झळ लागत नाही, असा युक्तिवाद आपण करतो. तो साफ चुकीचा आहे! मत्सरी माणसाला आपली उणीव लपवावी लागते, लपवताना तो चुकतो, आणि त्या चुकीचे ओझे वाहायला तो आपल्याहून दुबळा खांदा शोधतो. म्हणून शेजाऱ्याच्या वैभवाने मन पोळू लागेल, तेव्हा आधी एवढेच पाहावे, की आपल्या रागाखाली या क्षणी कोण उभे आहे.