सुट्टीतली अकरा माणसं

"बाबा, तुमच्या पुलाला पायऱ्या किती?"

लेकीचा प्रश्न साधाच होता. पण तो जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या तोंडावर विचारायची पैज मैत्रिणींनी तिच्याशी लावली होती. "शाळेत फार बोलतेस, घरी विचारून दाखव," असं काडी म्हणाली होती. काडी म्हणजे तिची जिवलग मैत्रीण, अंगाने काडी आणि जिभेने अख्खी काडेपेटी! आणि हिला तर गेल्या महिन्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून कुठल्याही पैजेला नाही म्हणवत नव्हतं.

"चौसष्ट," बाबा म्हणाले. पोराचे मार्क सांगावेत तशा थाटात. "मध्ये दोन ठिकाणी टेकायला जागा ठेवलीय."

"वा!" आई म्हणाली. आई दवाखान्यात लोकांच्या गुडघ्यांचे व्यायाम घ्यायची. "तुम्ही पायऱ्या बांधा, मी गुडघे बघते. घरचा धंदा जोरात."

बाबा हसले. ती हसली नाही. पैज तर जिंकली होती, पण डोक्यातून आजची दुपार जात नव्हती.

शाळेसमोरच्या मोठ्या रस्त्यावरचा नवा पादचारी पूल बाबांनीच आखलेला. रंगबिंग देऊन अगदी नवरीसारखा सजवलाय. पण परवापासून खालचे रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे पुसून मधोमध छातीएवढा लोखंडी कठडा बसणार होता. मग पलीकडे जायचं तर पूल चढायचा, नाहीतर घरी बसायचं. उद्या सकाळी नगररचना कार्यालयात त्याची शेवटची सुनावणी होती.

काडीच्या आईचं, म्हणजे मावशींचं, शिवणाचं दुकान शाळेच्या भिंतीला लागून आणि घर पलीकडे. मावशींचा उजवा गुडघा गेलेला. आज दुपारी "बघू तरी जमतंय का" म्हणून त्या निघाल्या. एका बाजूला काडी, दुसऱ्या बाजूला ती. एकोणिसाव्या पायरीवर मावशी मटकन बसल्या. कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि खालच्या गाड्यांकडे बघत राहिल्या.

"आता दुकान हलवायला हवं," त्या म्हणाल्या. "पण शाळेचे गणवेश शिवणारी मी, शाळेपासून लांब जाऊन काय माश्या मारू?"

"आई, आपण काहीतरी करू ना," काडी म्हणाली. तिच्या जिभेची धार गेली होती.

मग मावशी काडीला सोडून तिच्याकडे वळल्या. आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "तुझ्या बाबांनी आधी माणसं मोजली म्हणे. मी होते का गं त्यात?"

तिची कानशिलं तापली. कारण माणसं बाबांनी मोजलीच नव्हती. तिने मोजली होती! गेल्या वर्षी सुट्टीत, झाडाखाली स्टुलावर बसून, हातात मोजायचं यंत्र घेऊन. माणसाने रस्ता ओलांडला की एक टक्. बाबांची मोजणारी माणसं आयत्या वेळी आली नव्हती, म्हणून ही हौसेने बसली. भर दुपारी, तीन तास. सरासरी तासाला अकरा. "आमची छोटी इंजिनिअर!" म्हणून बाबांनी दोन आइसक्रीम दिली होती. तेव्हा शाळा बंद होती. गणवेश नाहीत म्हणून मावशींचं दुकानही बंद होतं.

हे सगळं आठवत ती आता ताटातला घास चिवडत होती.

"बाबा, आज शाळा सुटल्यावर आम्ही चौघींनी मोजलं. एका तासात सहाशे बारा."

बाबांचा हात थांबला. "आज?"

"आज. आणि अहवालात अकरा आहेत. माझे अकरा. तासाला शंभराच्या आत माणसं असली तरच खालची वाट बंद करता येते, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"अगं, तेव्हा सोमवारी अहवाल द्यायचा होता. परत मोजू म्हटलं, मग राहून गेलं." बाबांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम कुणा दुसऱ्याचे बाबा वाटायचे. "आता हे बाहेर आलं तर मला पुन्हा कोण काम देईल? पूल उभा राहिलाय, बाळा. तो काही गुंडाळून ठेवता येत नाही."

"राहू दे की पूल! ज्याला चढायचं तो चढेल. खालची वाट ठेवा. पट्ट्यांपाशी रस्ता वीतभर उचला, म्हणजे गाड्या झक मारत हळू होतील. मध्ये उभं राहायला ओटा करा, एक बाक टाका. मावशी अर्धा रस्ता ओलांडतील, बसतील, मग उरलेला ओलांडतील. तुम्हीच नेहमी म्हणता ना, चांगला रस्ता तो, ज्यावर म्हाताऱ्या माणसाला धावावं लागत नाही?"

"म्हणतो," बाबा हळूच म्हणाले.

"नुसतं म्हणता," आई म्हणाली. आता तिचाही आवाज चेष्टेचा नव्हता. "आणि तू पण, ताईसाहेब. मोजायला बसलीस तेव्हा शाळेचं कुलूप दिसलं नाही? बापलेक सारखेच. आकडा दिसतो, माणूस दिसत नाही."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणून झोंबलं. तिला वाटलं, गप्प बसावं. बाबांचे खांदे असे पडलेले तिने कधी पाहिले नव्हते. उद्या कार्यालयात पाचपन्नास लोक असतील, बाबांच्या ओळखीचे, आणि त्यांच्यासमोर बाबांची मान खाली जाईल. ती खाली घालायला लावणारी कोण, तर आमची छोटी इंजिनिअर.

पण एकोणिसाव्या पायरीवर बसलेल्या मावशी काही केल्या डोळ्यांसमोरून उठत नव्हत्या.

ती पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला.

"आई, बाबा, मी उद्या शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "सुनावणीला जाणार आहे. हरकत लिहून देणार आहे. सहाशे बारा सांगणार, आणि ते अकरा सुट्टीत मी मोजले होते, हेही सांगणार. खाली सही करणार, आडनावासकट. बाबा, तुम्ही माझ्या आधी उठून बोललात तर मला फार आवडेल. नाही बोललात, तरी मी बोलणारच."