दोन्ही बाह्या डाव्या

आमच्या ताईनं मखमलीच्या कोटाला दोन बाह्या कापल्या आणि दोन्ही डाव्या निघाल्या. मखमल एकेरी अंथरून कापतात. एक बाही झाली की कागदाचा नमुना उलटा ठेवायचा, मग दुसरी. तोच उलटायचा राहिला. जिच्या कात्रीवर अख्खं दुकान चालायचं, ती ही! गिऱ्हाईक भडकलं, तसलं कापड पुन्हा मिळेना, आणि ताईनं कात्रीच खाली ठेवली. काजं करायची, बटणं लावायची, पण कापायचं नाव काढलं की हात थरथरायचे.

मी तिची धाकटी, त्याच दुकानात मशीनवर बसते. माझं तोंड फटकळ आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. तिला दाखवायला नेलं, त्या डॉक्टरीणबाईंनी रोज डायरी लिहायला सांगितली तेव्हा मी म्हटलं, "झालं! एवढंच औषध राहिलं होतं." ताई लिहायची आणि चहा पिताना मला वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी काय, तर 'मूर्ख आहेस, आंधळी आहेस.'

"अगं ए," मी उसळले, "माझ्या ताईला दुसरं कोणी असं बोललं असतं ना, तर सालटीच काढली असती मी त्याची!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून डायरीत ती स्वतःलाच ताई म्हणायला लागली. 'ताई, आजची काजं बघ, किती सुबक झालीत. ताई, धाकटीनं न सांगता तुझा डबा घासला, नशीब काढलंस. ताई, चूक झाली खरी, पण तुझा हात काही वाईट नाही.' मला आधी हसू आलं, मग हसवेना. स्वतःशी इतक्या मायेनं बोलायला केवढी छाती लागते! मला अजून जमत नाही. दोरा तुटला तरी मी स्वतःला शिव्यांची लाखोली वाहते.

एक दिवस मालकीणबाई खाली बघत म्हणाल्या, "आता मला थांबता येणार नाही गं. उद्यापासून कापायला नवा कटर येतोय."

ताई उठली आणि मोठ्या टेबलावर दुसऱ्या कोटाची मखमल अंथरली.

मी मशीन सोडून उठलेच. "ताई, आधी एखादं साधं कापड घे ना!"

ऐकेल तर शपथ. एक बाही कापली. नमुना उलटा ठेवला.

"घाई नको, ताई," ती स्वतःलाच म्हणाली, "कापड काही पळून जात नाही."

कात्री चालली आणि मधेच पातं खडूच्या रेषेच्या आत घुसलं. सगळ्या मशिनी थांबल्या. मी डोळे गच्च मिटले.

"असू दे," ताईचा आवाज आला, "शिवणीत जाईल."

आणि कात्री पुन्हा करकर चालू लागली.

मालकीणबाईंनी दोन्ही बाह्या उचलून उजेडात धरल्या. मग तिथंच उभ्या राहून फोन लावला.

"उद्या येऊ नका दादा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कटर आहे."