विश्रामकाका गेल्यावर

कार्मेल लॅपटॉप मिटत होती, तेवढ्यात श्रीनिवासचा फोन आला. "बाबा गेले. त्यांनी स्वतःच..." पुढचं त्याला बोलवेना.

विश्रामकाका नातवाच्या बारशाला नाशिकहून परदेशी, श्रीनिवासकडे ग्लेन वेव्हर्लीला आले आणि विमानं रद्द झाल्यावर इथेच अडकले. गुडघेदुखीमुळे नाशिकलाच राहिलेली बायको पुढच्या वर्षी कोविडने गेली. तिचा अंत्यविधी त्यांनी मुलाच्या फोनवर पाहिला. मग ते खोलीबाहेर येईनात. मराठीत बोलेल अशी सायकॉलॉजिस्ट शोधताना श्रीनिवासला वसईची कार्मेल सापडली.

लॉकडाऊनमुळे भेटी स्क्रीनवरच व्हायच्या. सुरुवातीला काका नुसते बसून राहायचे. मग हळूहळू बोलू लागले. शेवटच्या भेटीत तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हसलेही. अशी अचानक आलेली शांतता फसवी असू शकते, हे कार्मेलला ठाऊक होतं. तिने सरळच विचारलं, "काका, जीव द्यावासा वाटतो का?"

"छे हो बाई!"

तिचा जीव भांड्यात पडला होता.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. कार्मेलने कॅमेरा बंद ठेवून तो लॅपटॉपवर पाहिला. नवऱ्याने, रॉनीने, तिचे डोळे पाहिले. "काय झालं गं?"

"कामाचं आहे," एवढंच ती म्हणाली. पेशंटचं नाव घरात काढायचं नसतं.

तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या ॲन्ड्रियाने सगळं पुन्हा तपासलं. कार्मेलचं काहीच चुकलं नव्हतं. ते ऐकून बरं वाटायच्या ऐवजी कार्मेल आणखीच खचली. चूक सापडली असती, तर निदान ती धरून बसता आलं असतं.

"मला त्यांचा रागच येतो," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर खोटं बोलले."

"येऊ दे राग," ॲन्ड्रिया म्हणाली.

पुढच्या आठवड्यात श्रीनिवासने भेटायला बोलावलं. व्यायामापुरती बाहेर पडायची मुभा होती, म्हणून दोघं मास्क लावून तळ्याकाठी चालू लागले, मध्ये अंतर ठेवून.

"तुम्हाला काहीच कसं कळलं नाही?" त्याने विचारलं.

काय सांगायचं आणि काय नाही, याचे नियम तिला पाठ होते. तरी ती म्हणाली, "मी विचारलं होतं त्यांना. नाही म्हणाले. मी विश्वास ठेवला."

तो मग म्हणाला, "आदल्या दिवशी माझ्याकडून केस कापून घेतले त्यांनी. मला वाटलं, सुधारतायत. अस्थी गॅरेजमध्ये ठेवल्यात. नाशिकला कधी नेता येतील, देव जाणे. गाडी काढताना रोज दिसतात."

कार्मेलकडे अशा वेळी बोलायची वाक्यं होती. त्यातलं एकही तिच्या तोंडून निघेना. ती बाकावर बसली आणि मास्कच्या आत हमसून रडू लागली. श्रीनिवास जवळ येऊ शकत नव्हता. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला आणि तिचं रडणं ओसरेपर्यंत तिथेच बसून राहिला.