ज्वालानाथांच्या कलशातला गॅस

वारूळवाडीच्या देवळापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्वालानाथ महाराजांनी कलशातल्या पाण्यात ‘भस्माचा’ खडा टाकला, काहीतरी पुटपुटले, झाकणाच्या तोटीला काडी लावली आणि भक्कन ज्योत पेटली. बायांनी हात जोडले. १९९८ साल, घरोघरी टीव्ही आला होता, पण पाणी जळताना कुणी पाहिलं नव्हतं.

“शेण नको, गाय नको,” महाराज म्हणाले. “हे झालं छोटं रूप. उद्या तुमचा गोबर गॅस उपसून टाका, स्वच्छ पाणी भरा. मी टोपलीभर भस्म टाकतो. बारा घरांच्या शेगड्या वर्षभर पेटतील.”

सरपंच दादाभाऊ लगेच तयार. शेण कालवायची पाळी त्यांच्या घरात कुणालाच नको होती.

ठमाबाईला मात्र हे पटेना. बारा घरांच्या सामायिक गोबर गॅसची टाकी तीच सांभाळायची. चुलीच्या धुरानं तिचे डोळे जायची वेळ आली होती, ते या गॅसमुळं वाचले. टाकी एकदा उपसली की पुन्हा गॅस धरायला महिना-दीड महिना, म्हणजे तोवर चूल. आणि डॉक्टरांनी तर चुलीपुढं बसायचंच नाही म्हणून बजावलेलं.

ती भगुलं घेऊन पुढं झाली. “महाराज, तुमच्याच ज्योतीवर तुमचा चहा टाकते.”

नाही म्हणायची सोय नव्हती. चहा झाल्यावर तिनं तो ओतून घेतला आणि भगुलं उलटं धरलं. बूड काळंकुट्ट.

“चार वर्सं गॅसवर रांधते, बूड असं कदी झालं न्हाई. आन् ह्यो लसणावानी वास. चिमाजी, तुज्या दुकानात असाच येतो का रं?”

चिमाजी तिच्या बहिणीचा मुलगा, नारायणगावात वेल्डिंग करायचा. त्यानं वास घेतला आणि हसतच सुटला. फटफटीवर जाऊन दुकानातला डबा आणला. एक करडा खडा तांब्यातल्या पाण्यात टाकून काडी लावली. तश्शीच ज्योत. मंत्र नाही, काही नाही.

“कार्बाइड हाय राव. केळी पिकवायला वापरत्यात त्येच. पाण्यात पडलं की गॅस निघतो, खाली चुना उरतो. खडा सरला की गॅस सरला. टोपलीभर टाकीत टाकून कुणी काडी वढली, तर झाकण देवळावर यील.”

“तुमची श्रद्धा कमी पडली,” महाराज झोळी आवरत म्हणाले.

“थांबा की,” बहिरू गुराखी पुढं आला. “काल ह्या कलशातलं पाणी तीर्थ म्हणून पाजलं, त्यो चुना व्हता व्हय? माजी जीभ भाजली. मला वाटलं, माजंच पाप.”

सगळं देऊळ हसलं. महाराजांनी काढता पाय घेतला.

दादाभाऊ ओशाळले. “ठमाक्का, बिनशेणाचं झालं असतं तर लई बरं व्हतं.”

“मलाबी बरंच व्हतं की. पर शेण घालतो म्हणून गॅस मिळतो. उरल्यालं खत म्हणून रानात जातं, रानातला चारा गोठ्यात येतो. पन्नास घरांची टाकी बांधा, माजी ना न्हाई. तेवढं शेण मातुर गोळा करावं लागंल.”

तेव्हा मंडळी, कुणी फुकटात विस्तव देऊ लागला, तर हात जोडायच्या आधी विचारा: आत काय घातलं, किती घातलं, अन् सरल्यावर काय? विचारल्यावर जो रागावतो, त्याच्या हाती आपली चूल देऊ नका.