चाळीसच्या आत

धाकटीला पहिला दात आला, त्याच वर्षी लेथवाल्यानं मोटारसायकल घेतली. घेऊन दोनच दिवस झाले होते आणि गावाहून दादाचा फोन आला.

"आईचा श्वास जड झालाय. सकाळपासून तुझंच नाव घेतेय. नीघ."

बायको म्हणाली, "बसनं जा. दोनच्या आत पोचाल."

"गाडी बघून तिला बरं वाटेल," तो म्हणाला. आईला असं याआधीही दोनदा झालं होतं आणि दोन्ही वेळा तो पोचेपर्यंत ती उठून बसली होती.

दहाला निघाला. दोनशे वीस किलोमीटर. दुकानदारानं बजावलं होतं, पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, तासातासाला इंजिन थंड करायचं. लेथवाल्याला हे सांगायला नको होतं. नवं लोखंड एकमेकांत बसायला वेळ घेतं, हे लेथवर लोखंड कातणारे त्याचे हात वीस वर्षं जाणत होते. काटा चाळिसावर जणू खिळ्यानं ठोकला होता. सायकलवाले सोडून सगळे त्याच्या पुढे गेले.

तिसऱ्या थांब्यावर, चहाच्या टपरीपाशी एक ट्रकवाला हसला. "काय राव, सासुरवाडीला चाललात काय, एवढं जपून?"

"नवी आहे."

"अहो, एक दिवस ताणली म्हणून मरत नाही गाडी!"

ते लेथवाल्यालाही ठाऊक होतं. आई आजारी आहे, एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं असतं, तर त्या माणसानं त्याला तिथं बसू दिलं नसतं. त्यानं घड्याळात बघून पंधरा मिनिटं पुरी केली.

गावाच्या अलीकडे नळ दिसला. धुळीनं टाकीचा रंग मेला होता. आईला दाखवायची तर अशी कशी? त्यानं गाडी धुतली, रुमालानं पुसली, हातपायही धुतले.

दारात चपलांचा ढीग होता. आतून मावशीचं रडणं ऐकू आलं.

दादा बाहेर आला. गावातले पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता.

"किती वाट बघितली रे तिनं! गाडी आली का, गाडी आली का, हेच चाललं होतं. वाटेत काय झालं?"

"पंक्चर," लेथवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

दादानं गाडीकडे पाहिलं. चाकांच्या तारांवर अजून पाणी होतं. मग त्यानं भावाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटे करून पाहिले, नखांपर्यंत. स्वतःची नखं त्याला आयुष्यात कधी इतकी स्वच्छ करता आली नव्हती.

लेथवाल्याची मान वर होईना.

तेवढ्यात मावशी उंबऱ्यात आली. "आत्ता उगवलास होय रे? बसनं आला असतास तर तोंड तरी दिसलं असतं तिचं!"

"त्याला नको बोलूस, मावशी," दादा म्हणाला. हात त्यानं सोडले नव्हते. "पंक्चर झालं पोराचं. आडरानात. काय करणार?"

आई त्या मंगळवारी दुपारी सव्वाचारला गेली. दादा नऊ वर्षांनी, थंडीत गेला. तोवर कुणीही विचारलं की पंक्चरची हकिकत दादाच सांगायचा, आणि लेथवाला शेजारी बसून ऐकायचा.